दहा फाल्गुन : 29 फेब्रुवारीच्या वाढदिवसाविषयी वाचकांचे प्रश्न

जन्मतारखेच्या नोंदींविषयी गेल्या अंकात लिहिताना 29 फेब्रुवारीचा उल्लेख मी एका वाक्यात उरकला होता, आणि त्या एका वाक्यावरच सर्वाधिक पत्रे आली. पत्रे वाचताना लक्षात आले की ज्यांच्या घरी या तारखेचे माणूस आहे, त्यांच्यासाठी हा गमतीचा विषय नाही. दाखला, शाळा, परवाना, औक्षण अशा प्रत्येक ठिकाणी त्यांना तोच खुलासा पुन्हा करावा लागतो. म्हणून या वेळचे सदर त्याच प्रश्नांना दिले आहे.

प्रश्न : माझ्या मुलाचा जन्म 29 फेब्रुवारी 2024 चा आहे. जन्मदाखल्यावर तीच तारीख आहे. आता बालवाडीत प्रवेश घ्यायचा आहे, तर घरातली वडील मंडळी म्हणतात की शाळेत 1 मार्च लावून टाक, म्हणजे पुढची कटकट मिटेल. काय करावे? — एक आई, चिपळूण

तारीख बदलू नका. कटकट मिटावी म्हणून दिलेली तारीखच पुढे सर्वांत मोठी कटकट होते, हे मी आमच्याच घरात पाहिले आहे.

माझ्या आत्याचा जन्म 29 फेब्रुवारी 1944 चा. नगरपालिकेच्या जन्मनोंदीत तारीख बरोबर होती. शाळेत नाव घालताना मात्र गुरुजींनी 1 मार्च लिहिले. त्या पिढीत निम्म्या वर्गाची जन्मतारीख 1 जून असायची, त्यामुळे एका दिवसाचे कोणाला काहीच वाटले नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 1 मार्च, त्यावरून सेवापुस्तकात 1 मार्च, आणि आत्या शिक्षिका म्हणून 58 व्या वर्षी निवृत्त होईपर्यंत ती चूक निमूट झोपून राहिली. निवृत्तीत तिचे नुकसान झाले नाही, कारण सरकारी नियमाने माणूस ज्या महिन्यात वय पूर्ण करतो त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, आणि ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली असते तो आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे 29 फेब्रुवारी धरा की 1 मार्च, सेवेचा शेवटचा दिवस 28 फेब्रुवारी 2002 हाच येत होता. पण पुढे मुलाकडे परदेशी जाण्यासाठी पारपत्र काढायची वेळ आली, तेव्हा एका कागदावर एक तारीख आणि दुसऱ्यावर दुसरी असे उघडकीस आले. प्रतिज्ञापत्र, शाळेचे पत्र, पुन्हा प्रतिज्ञापत्र यांत सात महिने गेले. साठी ओलांडलेल्या बाईला, आपण ज्या दिवशी जन्मलो त्याच दिवशी जन्मलो, हे खिडकीपाशी उभे राहून शपथेवर सांगावे लागले. ते मला अजून बोचते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तर निवडीला जागाच नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील 2023 च्या दुरुस्तीनुसार, 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्मदिनांक आणि जन्मस्थळ सिद्ध करण्यासाठी जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. तुमचा मुलगा या मर्यादेत येतो. शाळेत 1 मार्च लावलात, तर पहिल्याच मोठ्या कामात दाखला आणि शाळेची नोंद समोरासमोर येतील. प्रवेश झाल्यावर शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. अंकांबरोबर तारीख अक्षरी लिहिलेली असते, तीही वाचा. 'एकोणतीस'चे 'अठ्ठावीस' हाताने सहज होते.

प्रश्न : नात 29 फेब्रुवारी 2024 ची. तिचा वाढदिवस तिथीने केला तर दरवर्षी येतोच. मग तारखेचा एवढा घोळ कशाला? आमच्याकडे सून ऐकत नाही. — एक आजी, सातारा

आजी, तिथीने दरवर्षी येतो हे खरे. 29 फेब्रुवारी 2024 ला माघ वद्य पंचमी होती, आणि माघ वद्य पंचमी एकाही वर्षी चुकणार नाही. पण ती इंग्रजी तारखेच्या जवळ राहत नाही. 2026 मध्ये ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच आली, आणि 2026 च्या अधिक ज्येष्ठामुळे 2027 मध्ये पुन्हा 25 फेब्रुवारीच्या आसपास येते. नात शाळेत जाऊ लागली की तिला मैत्रिणींना सांगायला एक ठरलेली तारीख लागेल. सूनबाईंचे म्हणणे बहुधा तेवढेच असावे.

तरीही तुमच्या प्रश्नात एक मोठी गोष्ट आहे. 29 फेब्रुवारीची अडचण नवी वाटते, पण आपल्या पंचांगाने तसलीच आणि तिच्याहून मोठी अडचण फार पूर्वी सोडवली आहे. अधिक महिन्यात जन्मलेल्या मुलाचे काय करतात, ते आठवा. 2023 मध्ये अधिक श्रावण होता. त्याआधीचा 2004 मध्ये होऊन गेला आणि यापुढचा 2042 मध्ये येईल. त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाला एकोणीस वर्षे ओवाळायचे नाही, असे कोणत्याही घरात झालेले नाही. त्याच नावाच्या निज महिन्यातली तीच तिथी धरायची, हा साधा, रुळलेला निर्णय आहे. अधिक तो अधिक, मूळ महिना तर दरवर्षी आहेच. लीप वर्षाचा दिवसही तसाच वरचा दिवस आहे. तो नसेल तेव्हा शेजारच्या दिवशी ओवाळण्यात काहीही उणे नाही.

आणि आता ज्यासाठी या सदराला हे नाव दिले, ते सांगतो. भारत सरकारने 22 मार्च 1957 पासून, म्हणजे 1 चैत्र शके 1879 पासून, एक राष्ट्रीय सौर दिनदर्शिका स्वीकारली आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती सुचवली होती. राजपत्राच्या मथळ्यावर आणि मराठी दिनदर्शिकांच्या चौकटीत तिची तारीख छापलेली असते, पण तिच्याकडे सहसा कोणाची नजर जात नाही. या दिनदर्शिकेत फाल्गुन 20 फेब्रुवारीला सुरू होतो, म्हणून 29 फेब्रुवारी हा 10 फाल्गुन ठरतो. लीप वर्षाचा जादा दिवस तिच्यात फाल्गुनात येत नाही. तो पुढे चैत्राला मिळतो, चैत्र तीसऐवजी एकतीस दिवसांचा होतो आणि 22 ऐवजी 21 मार्चला सुरू होतो. त्यामुळे 10 फाल्गुन दरवर्षी असतो. लीप वर्षी त्या दिवशी 29 फेब्रुवारी असते, इतर वर्षी 1 मार्च. तुमच्या नातीची जन्मतारीख 10 फाल्गुन 1945 आहे, आणि ती एकाही वर्षी हरवणार नाही.

माझ्या आत्याला हे मी तिच्या सत्तराव्या वर्षी दाखवले. तिने चष्मा लावून भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला तो बारीक अंक पाहिला, बोट ठेवले, आणि बराच वेळ बोट उचललेच नाही.

प्रश्न : मुलीचा जन्म 29 फेब्रुवारी 2008 चा. 2026 मध्ये 29 तारीखच नाही, तर ती सज्ञान कोणत्या दिवशी झाली असे कायदा मानतो? — एक वडील, नाशिक

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे, कारण अठरावे वर्ष कधीच लीप वर्षात येत नाही. जन्मवर्षाला चाराने भाग जातो, अठराला जात नाही. म्हणजे 29 फेब्रुवारीला जन्मलेल्या प्रत्येक मुलामुलीचा सज्ञान होण्याचा दिवस दिनदर्शिकेत नसलेल्या तारखेवर पडतो. एकाचीही यातून सुटका नाही.

पण ज्यांनी 1875 चा भारतीय सज्ञानता कायदा लिहिला, त्यांना हे सुचले होते. त्या कायद्याचे चौथे कलम सांगत होते, आणि 1999 च्या दुरुस्तीनंतर तिसरे कलम सांगते, की वय मोजताना जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरायचा, आणि अठराव्या वाढदिवसाच्या आरंभी व्यक्ती सज्ञान झाली असे मानायचे. मूळच्या चौथ्या कलमाखाली जी उदाहरणे दिली होती, त्यांतले एक नेमके 29 फेब्रुवारी 1852 रोजी जन्मलेल्या व्यक्तीचे होते. न्यायालयाने पालक नेमलेल्यांसाठी तेव्हा सज्ञानतेचे वय 21 होते, आणि उदाहरणात ती व्यक्ती 28 फेब्रुवारी 1873 च्या पहिल्या क्षणी सज्ञान होते, असे म्हटले आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या एका ओळीने मला फार समाधान दिले. इतक्या थोड्या माणसांची अडचणही कायदा लिहिताना कोणाच्या तरी नजरेतून निसटली नव्हती. त्याच न्यायाने तुमची मुलगी 28 फेब्रुवारी 2026 रोजी सज्ञान झाली.

व्यवहारात एका दिवसाने अडते ते थोडक्याच ठिकाणी. मतदारयादीसाठी आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर हे अर्हतेचे दिनांक आहेत. 28 फेब्रुवारी धरा की 1 मार्च, तुमच्या मुलीला 1 एप्रिलचाच दिनांक लागू होतो. गिअरच्या गाडीच्या शिकाऊ परवान्याला अठरा वर्षे पूर्ण लागतात, आणि तिथे संगणकाने 1 मार्चचा हिशेब धरला असेल, तर 28 तारखेला अर्ज पुढे सरकणार नाही. एका दिवसासाठी वाद घालू नये, 2 मार्चला जावे. पण एखाद्या करारावरच्या सहीसाठी किंवा वारसाहक्काच्या कागदासाठी नेमका 28 चा दिवसच महत्त्वाचा असेल, तर वकिलांना या तरतुदीकडे आणि मूळ कायद्यातल्या त्या उदाहरणाकडे बोट दाखवायला सांगा.

आता कोणी म्हणेल की कायदा 28 फेब्रुवारी सांगतो आणि राष्ट्रीय दिनदर्शिका 1 मार्चकडे नेते, मग खरे कोणते? हक्काच्या कामाला कायद्याचा दिवस, घरच्या औक्षणाला मनाचा दिवस. आमची आजी आत्याला साध्या वर्षी 28 तारखेच्या दिवेलागणीला ओवाळायची. पाटाभोवती रांगोळी, ताम्हनात निरांजन, अक्षता, सुपारी आणि तिच्याच हातातली सोन्याची अंगठी. सुपारी आणि अंगठी तोंडाभोवती फिरवून झाली की निरांजन ती विझू देत नसे. देवापाशी नेऊन ठेवायची आणि निजण्यापूर्वी त्यात पुन्हा तूप घालायची, म्हणजे मार्च लागेपर्यंत ज्योत तेवत राहायची. कोणता दिवस खरा, हा वाद आमच्या घरात कधीच झाला नाही.

प्रश्न : काही ऑनलाइन अर्ज माझी जन्मतारीख 'अवैध' म्हणून नाकारतात. मी 28 फेब्रुवारी भरू का? — एक वाचक, ठाणे

भरू नका. अर्जात दिवस, महिना आणि वर्ष वेगवेगळे निवडायचे असतील, तर आधी वर्ष निवडा. पुष्कळ ठिकाणी चालू वर्ष आधीच भरलेले असते, ते लीप वर्ष नसले की फेब्रुवारीत 28 च दिवस दिसतात. तरीही अर्ज अडला, तर त्या पानाचे छायाचित्र काढून संबंधित विभागाकडे लेखी तक्रार द्या. चूक त्यांच्या संगणकप्रणालीची आहे, तुमच्या जन्माची नाही.

अशी चूक मोठ्यांकडूनही होते. 29 फेब्रुवारी 2012 रोजी मायक्रोसॉफ्टची अझूर ही सेवा जगभर कोलमडली. एका वर्षाच्या मुदतीचे प्रमाणपत्र बनवताना प्रणालीने फक्त वर्षाच्या आकड्यात एक मिळवला, आणि मुदत 29 फेब्रुवारी 2013 अशी आली. तो दिवस अस्तित्वातच नव्हता.

प्रश्न : नातू लंडनला, 29 फेब्रुवारी 2020 चा. तिकडे कोणता दिवस धरतात? — एक आजोबा, पुणे

ब्रिटनमध्ये साध्या वर्षी 1 मार्च धरतात, हाँगकाँगमध्येही तेच. न्यूझीलंड आणि तैवान 28 फेब्रुवारी धरतात. नातू अठरा वर्षांचा होईल 2038 मध्ये, आणि तिथल्या हिशेबाने 1 मार्चला. तुम्ही भारतातून 28 तारखेच्या संध्याकाळी फोन केलात, तर तो आदल्या दिवशीचा आशीर्वाद ठरेल. आशीर्वाद आधी पोचलेला चांगलाच.

प्रश्न : दर चार वर्षांनी एक दिवस वाढतो हे शाळेत शिकलो. मग 1900 हे लीप वर्ष का नव्हते? आणि जादा दिवस फेब्रुवारीलाच का? — एक शिक्षक, लातूर

पृथ्वीला सूर्याभोवतीच्या ऋतुचक्राची एक फेरी पुरी करायला 365 दिवस, 5 तास, 48 मिनिटे आणि सुमारे 45 सेकंद लागतात. हे जादा तास सहा धरून ज्युलियस सीझरच्या काळात, इसवी सनापूर्वी 46 साली, दर चार वर्षांनी एक दिवस वाढवण्याची रीत ठरली. पण सहा तासांना सुमारे सव्वाअकरा मिनिटे कमी पडतात. ही मिनिटे शतकानुशतके साचत गेली आणि सोळाव्या शतकापर्यंत दिनदर्शिका ऋतूंपासून दहा दिवस सरकली. पोप ग्रेगरी तेरावा याने 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर एकदम 15 ऑक्टोबर मोजायला लावला, आणि पुढे असे होऊ नये म्हणून नियम केला की शतकाच्या वर्षाला 400 ने भाग गेला तरच ते लीप वर्ष. म्हणून 1900 नाही, 2000 आहे, 2100 नसेल. चारशे वर्षांत 100 ऐवजी 97 लीप दिवस येतात.

फेब्रुवारीचे कारण रोमन वर्षात आहे. रोमनांचे जुने वर्ष मार्चमध्ये सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी शेवटचा महिना होता आणि भरपाई वर्षअखेरीस करण्याची रीत होती. मुळात जादा दिवस महिन्याच्या टोकालाही नव्हता. 24 फेब्रुवारी हाच दिवस ते दोनदा मोजत. मुलांना शिकवताना फळ्यावर 1461 हा आकडा लिहा, चार वर्षांचे एकूण दिवस. त्यांतला एक 29 फेब्रुवारीचा असतो, हे एका आकड्यात कळते.

प्रश्न : माझा जन्म 29 फेब्रुवारी 2004 चा. मित्र 'तू पाचच वर्षांचा' म्हणून चिडवतात. लहानपणी गंमत वाटायची. आता मात्र साध्या वर्षी त्या दिवशी कोणाला आठवणही राहत नाही, याचे वाईट वाटते. — एक विद्यार्थी, नागपूर

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. चिडवण्याला उत्तर सोपे आहे. 'वाढदिवस' या आपल्या शब्दात तारीख कुठेच नाही, वय वाढते तो दिवस एवढेच त्यात आहे, आणि वय तुमचे दरवर्षी वाढते. विसर पडण्याचे दुःख मात्र खरे आहे. भ्रमणध्वनीतली आठवण 29 तारखेवर लावलेली असली, तर काही ठिकाणी ती साध्या वर्षी वाजतच नाही. मित्र वाईट नसतात, त्यांना दिवस ठाऊक नसतो. म्हणून तुम्हीच एक दिवस ठरवा, 28 फेब्रुवारी किंवा 1 मार्च, आणि तो सर्वांना स्पष्ट सांगा. दरवर्षी तोच ठेवा. ज्यांच्या घरी लहान मूल या तारखेचे आहे, त्यांनी तर हा निर्णय मूल बोलू लागण्यापूर्वीच घ्यावा. 'या वर्षी तुझा वाढदिवस नाही' हे वाक्य तीन वर्षांच्या मुलाला गमतीनेही ऐकवू नये. मुलाला त्यातली गंमत कळत नाही, 'नाही' एवढेच कळते.

या तारखेचे आपल्याकडचे सर्वांत ठळक नाव मोरारजी देसाई यांचे. जन्म 29 फेब्रुवारी 1896, वलसाडजवळच्या भदेली गावचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून त्यांनी जे केले, त्याची कटुता मराठी मनात आहे आणि ती मीही विसरत नाही. पण त्यांच्या वाढदिवसांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. 1900 हे लीप वर्ष नसल्यामुळे त्यांचा पहिला 29 फेब्रुवारी आठव्या वर्षी, 1904 मध्ये आला. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्म त्याच दिवशीचा. मोरारजींनी वयाची 80 वर्षे पूर्ण केली 29 फेब्रुवारी 1976 रोजी, आणि तेव्हा ते आणीबाणीत स्थानबद्ध होते. मार्च 1977 ते जुलै 1979 या त्यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात एकही 29 फेब्रुवारी आली नाही. 10 एप्रिल 1995 रोजी, शंभराव्या वर्षात असताना, ते गेले. तोवर खऱ्या तारखेचे वाढदिवस त्यांच्या वाट्याला तेवीस आले होते.

तुमच्या वाट्याला 1900 सारखे गाळलेले वर्ष 2100 पर्यंत येणार नाही. पुढचा 29 फेब्रुवारी 2028 मध्ये, मंगळवारी आहे. त्यानंतरचा 2032 मध्ये, आणि तो रविवारी येतो. तुमच्या जन्माच्या दिवशीही रविवारच होता. तारीख आणि वार दोन्ही जुळायला 28 वर्षे लागतात, आणि त्या दिवशी तुम्ही 28 वर्षांचे असाल. मित्रांना आतापासून सांगून ठेवा.